घडीतली पानं

पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात मी पस्तीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या सत्कारात मी म्हणाले होते की या नोकरीनं मला पुस्तकांवर प्रेम करायला शिकवलं. साफ खोटं. या नोकरीनं मला पुस्तकवाल्या माणसांची किळस करायला शिकवलं. जे खरोखर वाचतात ते बिचारे कोपऱ्यात बसून वाचतात आणि पुस्तक परत करून निघून जातात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जे पुस्तकं बाळगतात, मागे कपाट घेऊन फोटो काढून घेतात, चष्मा कपाळावर चढवून 'आमच्याकडे ना, पहिली आवृत्ती आहे हो' असं सांगतात, त्यांचं नावसुद्धा मला ऐकवत नाही. आणि त्यातल्या त्यात एकाचं तर मुळीच नाही.

आधी एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. छापलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा तयार होतो. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. आता या फर्म्यांच्या कडा यंत्रावर कापल्या नाहीत, तर आतली पानं वरच्या बाजूला एकमेकांना जोडलेलीच राहतात. वाचणाऱ्यानं सुरी घालून ती एकेक मोकळी करायची. जुन्या काळी कितीतरी पुस्तकं अशीच यायची. ग्रंथालयात असं पुस्तक आलं की दाखल रजिस्टरात चढवायच्या आधी त्याची पानं मोकळी करायचं काम माझं. त्यासाठी माझ्या टेबलाच्या खणात एक लाकडी पट्टी असायची. इतरांच्या पुस्तकांची हजारो पानं मी त्या पट्टीनं उघडली असतील.

पण हा प्रकार मला नोकरीच्याही आधीपासून माहीत होता, कारण माझे वडील कंपोझिटर होते. छापखान्यात उभं राहून एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, जुळवायचा, आठ आठ तास. आम्ही येरवड्याला राहायचो, तुरुंगापासून थोडं पुढे एका वस्तीत. निम्मी घरं विदर्भातून पोटासाठी आलेली. काही छप्पन सालानंतर बौद्ध झालेली, आमचं त्यातलंच. बाबा सायकलवरून नदी ओलांडून पेठेत कामाला जायचे आणि रविवारी शाळेची वही काखेत मारून वस्तीत घरोघर फिरायचे. तुम्ही कुठून आलात, कोणत्या साली, पहिल्यांदा कुठे टेकलात, काय काम धरलं, सगळं विचारून लिहून घ्यायचे. लोक हसायचे. 'काय हो, मोजणीवाले आले का?' असं म्हणून चहा द्यायचे. सात वर्षं हे चाललं आणि त्यातून वस्तीतल्या पहिल्या चाळीस घरांच्या हकिगतीचं एक पुस्तक झालं. एकशे अठ्ठावीस पानं. वर ठसठशीत अक्षरात 'भाग पहिला'.

छापखान्याच्या मालकांनी रविवारी यंत्र वापरायची मोकळीक दिली. खिळे बाबांनी जुळवले, फर्मे बाबांनी बांधले, छपाईला उभे तेच. घड्या मात्र घरी घातल्या. मी तेरा वर्षांची होते. आई, मी आणि धाकटा भाऊ जमिनीवर बसून कागद दुमडायचो, आई वरून पट्टी फिरवायची. पाचशे प्रती, प्रत्येकीचे आठ फर्मे. माझी बोटं शाईनं काळी झाली, ती शाई आठवडाभर निघाली नाही, शाळेत बाई ओरडल्या. कडा कापायचं तेवढं राहिलं, कारण कटिंगवाला रविवारी येत नसे आणि ते यंत्र तो दुसऱ्या कुणाला लावू देत नसे. बाबा म्हणाले, राहू दे, ज्याला वाचायचं तो कापून घेईल.

पहिली प्रत गेली एका थोर संशोधकांकडे. शहराच्या इतिहासातले अधिकारी पुरुष. व्याख्यानाला उभे राहिले की हॉल गच्च. डेक्कनला बंगला, बंगल्यात पुस्तकांच्या तीन खोल्या. त्यांच्या तीन ग्रंथांचे खिळे बाबांनीच जुळवले होते, आणि त्यांच्या हस्तलिखितातल्या चुका चकार शब्द न काढता सुधारल्याही होत्या. पुस्तक घेऊन बाबा त्यांच्याकडे गेले तेव्हा मीही बरोबर होते. दारातच उभे होतो. आतून आवाज आला, 'ठेवा तिथं स्टुलावर.' आम्ही ठेवलं आणि आलो. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि आम्हालाही त्यात काही गैर वाटलं नाही, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

महिन्याभरानं कार्ड आलं. सुवाच्य, टोकदार अक्षर. 'आपले पुस्तक साद्यंत वाचले' अशी सुरुवात. साद्यंत! मग पानांचे आकडे आणि प्रत्येकापुढे एकेक ताशेरा. पान नऊ, भाषा ग्राम्य. पान चोवीस, माहिती ऐकीव. पान तेहतीस, सन संशयास्पद. छप्पन्न, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, एकशे बारा, सगळीकडे काही ना काही. आणि शेवटी, दुसऱ्या भागाचे श्रम आपण घेऊ नयेत असे सुचवावेसे वाटते. खाली लफ्फेदार सही.

बाबांनी ते कार्ड दारात उभ्या उभ्याच वाचलं. पानांचे आकडे दोनदा मोठ्यांदा म्हटले. मग कार्ड खिशात घातलं आणि सायकलीत हवा भरायला गेले. आई एवढंच म्हणाली, 'इतकं बारीक वाचलं त्यांनी, तर काहीतरी असेलच ना चुकलेलं.' त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पुस्तकाचं नाव कुणी काढलं नाही. उरलेल्या प्रती लोखंडी ट्रंकेत गेल्या. बाबा पुढेही संध्याकाळी वह्यांत काहीबाही लिहीत बसायचे, आणि भरलेल्या वह्या लाल फडक्यात बांधून त्याच ट्रंकेत ठेवायचे. तो दुसरा भाग, हे मला ठाऊक होतं. पहिली चाळीस घरं झाली, आता पुढची असणार. पण छापायचं नाव नाही. मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. त्या टोकदार अक्षरानं माझ्या बापाला गप्प केलं होतं.

मग मी मोठी झाले. आई गेली. मला ग्रंथालयात नोकरी लागली, पाठोपाठ लग्न झालं. आणि नियतीची थट्टा बघा, आमच्या ग्रंथालयाच्या दर वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे कोण, तर तेच संशोधकमहाशय. त्यांच्या गळ्यात हार घालायचं काम महिला कर्मचाऱ्यांपैकी एकीचं, म्हणजे बहुतेक वेळा माझं. ते व्याख्यानात एखाद्या नव्या ग्रंथाचं सालटं काढायचे, लोक टाळ्या पिटायचे, आणि मी मागे उभी राहून मनात म्हणायची, माणूस कडू आहे पण वाचतो बाबा पानन्‌पान. तेवढा एक मान मी त्यांना मनातून देत होते.

दिवस पालटले. ग्रंथालयात कॉम्प्युटर आला, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण आलं, ते झाकण काढायला एक माणूस नेमावा लागला. तिकडे हडपसरला शेतांमधून काचेच्या इमारती उठल्या. बंगले पडायला लागले. संशोधकमहाशय वारले, शोकसभा झाली, 'चालता बोलता ज्ञानकोश हरपला' वगैरे सगळं यथासांग झालं. बंगला बिल्डरला गेला आणि पुस्तकं आमच्या ग्रंथालयाला देणगी म्हणून यायची ठरली. त्याआधी त्यांच्या नातवाला म्हणे काही पुस्तकं बाजूला काढून हवी होती. त्या कामाला आमच्या चिटणीसांनी मला पाठवलं. चार शनिवार.

नातू सव्वीस-सत्तावीसचा, हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला. गळ्यात कंपनीचं कार्ड सुट्टीच्या दिवशीही. तसा गोड होता बोलायला.

'काकू, ॲक्च्युअली काय करा, अनकट बुक्स असतील ना, ती वेगळी ठेवा. म्हणजे ज्यांची पेजेस ओपनच झाली नाहीयेत ती. मी नेटवर बघितलं, कलेक्टर लोक त्यालाच जास्त भाव देतात. एकदा ओपन केलं की व्हॅल्यू डाऊन.'

'ओपन केलं की, म्हणजे वाचलं की?' मी म्हटलं.

तो जरा घुटमळला. 'हो, म्हणजे... टेक्निकली, हो.'

टेक्निकली! शंभर वर्षं एखादं पुस्तक कुणाच्या हातचे दोन मिनिटांचे कष्ट न पावता पडून राहिलं, तर ते मौल्यवान. आणि एखाद्या पोरानं चहा सांडत, कोपरे दुमडत, खाली रेघा मारत वाचलं, तर ते डाऊन. मला वाटलं हा मुलगा थट्टा करतोय. पण नाही, यादीच आणली होती त्यानं, दूरदूरच्या कुठल्या कुठल्या लोकांची, जे न उघडलेली पुस्तकं विकत घेतात आणि न उघडता ठेवतात. छी! असल्या माणसांना मुलं झाली तर तीही वेष्टनातच ठेवतील.

मी कामाला लागले. त्या तीन खोल्यांचा वास मला अजून आठवतो. डांबरगोळ्या, ओल, उंदराचं मूत. कपाट उघडलं की कसर भराभरा पळायची. एका विलायती ग्रंथाच्या मागे पाल सपाट होऊन वाळलेली, तिचा ठसा पुठ्ठ्यावर तसाच. झुरळांची अंडी तर विचारू नका. नाकाला पदर बांधून मी एकेक पुस्तक काढत होते, वरच्या कडेवर बोट फिरवत होते आणि बाजूला ठेवत होते. पहिल्याच शनिवारी माझ्या लक्षात आलं की हे काहीतरी वेगळंच चाललंय. उघडलेल्या पुस्तकांचा ढीग एका टेबलावर मावला. न उघडलेल्यांना व्हरांडा पुरेना.

ज्या ग्रंथाचं सालटं त्यांनी आमच्या हॉलमध्ये तासभर काढलं होतं, आणि मी हार घेऊन उभी राहून ऐकलं होतं, तो घडीत. ज्याला त्यांनी चार पानी प्रस्तावना लिहिली, तो घडीत. तरुण अभ्यासकांनी सही करून, 'अभिप्रायार्थ सादर' लिहून दिलेली पुस्तकं तर सगळीच्या सगळी घडीत. उघडलेलं काय होतं? त्यांची स्वतःची पुस्तकं. त्यांच्या कोपऱ्यांना घाम लागून तेलकट काळा थर बसला होता. वर तो नातू खुशीत, 'वॉव काकू, आजोबांनी किती मेंटेन केलंय ना!'

तिसऱ्या शनिवारी खालच्या फळीवर सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा सापडला. वर चिठ्ठी, त्याच टोकदार अक्षरात, 'किरकोळ'. सुतळी सोडली. तिसरंच पुस्तक बाबांचं.

आठही फर्मे जसेच्या तसे. आईनं पट्टी फिरवून दाबलेली घडी जशी होती तशी, धारदार. एका जागीही सुरी लागलेली नव्हती. मी ते हातात घेऊन तिथेच फरशीवर बसले. मग मला आत पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. म्हणजे न वाचता खुणा? कशा? मी पान चाळायला गेले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोळा पानांचा फर्मा न कापता धरला तर त्याचं पहिलं पान दिसतं, शेवटचं दिसतं, आणि बरोबर मधली समोरासमोरची दोन पानं आपोआप उघडतात. बाकीची सगळी बंद. नऊ. चोवीस. तेहतीस. छप्पन्न. ताशेऱ्यांची सातही पानं अशीच, जिथं सुरी लागत नाही. त्या महापुरुषानं पुस्तक उभं धरून आपोआप उघडेल तेवढं बघितलं, तिथं पेन्सिल टेकवली आणि लिहिलं, साद्यंत वाचले.

तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं माझा बाप त्या कार्डाखाली दबून राहिला होता. मी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. नातवानं कानातून इअरफोन काढला.

'काय झालं काकू? अरे, हे पण अनकट आहे का?' त्यानं पुस्तक उलटंसुलटं केलं. 'पण हे लोकल आहे. याला मार्केट नाही. हवं तर तुम्ही घेऊन जा.'

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, हात दोनदा साबणानं धुतले आणि पुस्तक पिशवीत टाकून निघाले. चौथ्या शनिवारी मी गेले नाही. चिटणीस रागावले, रागावू देत.

पण त्याच संध्याकाळी, तिसऱ्या शनिवारी, घरी आल्यावर मला आठवलं की उद्या रविवार. भावानं वारज्याला फ्लॅट घेतला होता, आणि उद्या तो बाबांना येरवड्याहून हलवणार होता. आठवड्यापूर्वी फोनवर म्हणाला होता, 'ताई, नवीन घरात कचरा न्यायचा नाही. ट्रंकेतलं सगळं रद्दीवाल्याला देतो, तुला काही हवं तर बघ.' आणि मी, मी म्हणाले होते, मला काही नको. ट्रंकेत लाल फडक्यातला दुसरा भाग होता, आणि मी म्हणाले होते काही नको! कारण माझ्या मते तो कधीच छापला जाणार नव्हता. आता मात्र गोष्ट वेगळी होती. आता मी बाबांना पुरावा दाखवू शकत होते. त्यांना कळलं असतं की त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्या वह्या छापता आल्या असत्या. ज्याचं पुस्तक अंधारात राहिलं त्या माणसाला एकदाचा न्याय मिळाला असता. फक्त ती ट्रंक जायच्या आधी पोचायला हवं होतं.

सकाळची पहिली बस धरून मी येरवड्याला पोचले तेव्हा ट्रंक दारात आली होती आणि रद्दीवाला काटा मांडत होता. 'थांबा!' मी रस्त्यातूनच ओरडले. 'हात लावू नका त्याला!' भाऊ कपाळाला हात लावून उभा राहिला. बाबा उन्हात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर घोंगडी. मोतीबिंदूमुळे दिसायचं कमीच झालं होतं, पण आवाजावरून ओळखलं.

'काय गं, एवढी धापा टाकत?'

मी पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. 'बाबा, त्यांनी तुमचं पुस्तक वाचलंच नव्हतं. बघा. त्यांच्या घरातून आणलंय.'

त्यांनी वरच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, पहिल्या फर्म्यापासून शेवटच्यापर्यंत. 'हं,' म्हणाले.

'हं काय, हं? अहो, त्या कार्डावरची पानं आठवतात ना? नऊ, चोवीस, तेहतीस...'

'आकड्यांना आठानं भाग जातो नाहीतर एक उरतो,' बाबा म्हणाले. 'मला काय सांगतेस? फर्मे मी बांधले होते.'

'म्हणजे तुम्हाला माहीत होतं?'

'कार्ड वाचतानाच. दारात उभा होतो तेव्हा.'

'आणि बोलला नाहीत?'

'काय बोलायचं? दोन दिवस चीड आली. मग हसू यायला लागलं. एवढा मोठा माणूस आणि घरात सुरी नाही.'

'मग दुसरा भाग का नाही काढलात? मी समजत होते की त्या कार्डामुळे...'

'कार्डाचा काय संबंध? लिहिला की. आठ-दहा वर्षं लिहीत होतो. तुझ्या लग्नानंतर पुरा झाला.'

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, बाबा, मी टाइप करून घेते, आता कॉम्प्युटरवर सगळं होतं, खिळ्यांचं काम नाही, सहा महिन्यांत पुस्तक तुमच्या हातात ठेवते. बोलत बोलत मी ट्रंकेपाशी गेले आणि झाकण उघडलं. आत पहिल्या भागाच्या प्रती, दोरीनं बांधलेल्या. मी एकेक गठ्ठा बाहेर काढला. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं. लाल फडकं नव्हतं.

'वह्या कुठायत?'

मी भावाकडे पाहिलं, त्यानं खांदे उडवले. 'मला नाही माहीत. मी तर पहिल्यांदाच उघडली आज. ताई, तो माणूस थांबलाय गं.'

'वह्या मी दिल्या,' बाबा म्हणाले. 'केव्हाच्या. रद्दीतच.'

'रद्दीत? का पण?'

त्यांनी घोंगडी नीट केली. 'पुरा झाला तेव्हा तुझ्याकडे घेऊन आलो होतो. पिशवीत होत्या वह्या. म्हटलं, पोरगी ग्रंथालयात आहे, तिनंच आधी वाचावं. तू चहा टाकायला आत गेलीस. काचेच्या कपाटात आपलं पुस्तक दिसलं, छान प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं. काढून बघितलं.'

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मला सांगायची गरज नव्हती. लग्नात सासरी येताना मी एक प्रत मागून घेतली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, माझ्या वडिलांचं पुस्तक, घड्या मी घातल्यात. ती दुपारही मला आठवली. बाबा अचानक आले होते, चहा पिऊन लगेच निघाले. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाले, भाजी.

'बाबा, मला वाटायचं की मला ते...' मी सुरुवात केली आणि थांबले. काय सांगणार होते? की कागद माझ्या हाताखालून गेले म्हणून मला पुस्तक माहीत आहे असं वाटायचं? की जगभराच्या पुस्तकांची पानं पट्टीनं उघडून दमून घरी यायची, आणि हे एक तेवढं राहूनच गेलं?

'त्या माणसाचं मला काही वाटलं नाही,' बाबा म्हणाले. 'तुझं वाटलं.'

मग ते भावाला म्हणाले, ट्रंक देऊन टाक, प्रती तेवढ्या ठेव. रद्दीवाल्यानं ट्रंक उचलली. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. आदल्या दिवशी बंगल्याच्या मोरीत हात धुताना जी शिसारी आली होती ती आता धुऊन जाण्यासारखी नव्हती, कारण ती माझीच होती. त्या म्हाताऱ्यानं निदान उघडतील तेवढी पानं तरी वाचली होती. मी एकही नाही.

दुपारी घरी आले, कपाटातली प्रत काढली, स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि पानं मोकळी केली. घाईत दोन पानं वेडीवाकडी फाटली. बसल्या बैठकीला सगळं वाचलं. चांगलं आहे पुस्तक. खरंच चांगलं आहे, बापाचं म्हणून म्हणत नाही. माणसं कशी पायी आली, कुणी कुणाला जागा दिली, कोण कुणाशी भांडलं, सगळं साध्या भाषेत, कुठेही गळा काढलेला नाही. आणि मला वाटत होतं तसा दुसरा भाग पुढच्या घरांचा नव्हताच. पहिल्याच पानाच्या मागे, घडीत, स्वच्छ छापलेलं होतं : या भागात पुरुषांनी सांगितलेली हकीकत आहे. याच घरांतल्या बायकांनी सांगितलेली दुसऱ्या भागात येईल.

आमचं घर अडतिसावं, पान एकशे बावीसवर. आजोबा आहेत, बाबा स्वतः आहेत, छापखान्यातली नोकरी आहे. आईवर एकच वाक्य आहे : 'हिने सांगितले ते दुसऱ्या भागात.'

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी वारज्याला गेले. सामान अजून खोक्यांतच होतं. बाबा नव्या बाल्कनीत बसले होते. मी विचारलं, बाबा, आईनं काय सांगितलं होतं?

'पुष्कळ सांगितलं होतं,' ते म्हणाले. 'दोन वह्या भरल्या होत्या.' मग बराच वेळ आठवत बसले, ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, 'नाही गं. आता नाही आठवत.'